पहिल्या नंबरचा सोडा, चाळिसाव्या नंबरचा पोरगा कुठला ते बघा

कॅनडात सोळा वर्षांच्या पोरांची हॉकी टीम जाहीर झाली की दरवर्षी तेच भांडण. आमच्या प्रांताचे किती घेतले, तुमचे किती घुसवले, ओंटारियोवाल्यांचा वशिला आहे, क्युबेकवर अन्याय झाला, अटलांटिककडे, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या छोट्या प्रांतांकडे, तर कोणी ढुंकून बघत नाही. मी मिसिसागाला राहतो, इथं रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, काचेमागे कॉफीचा कप धरून उभे असलेले आईबाप हा विषय इतका चघळतात की ऐकून ऐकून कान किटलेत. पण गंमत अशी की भांडणारे दोघंही बहुतेक वेळा एकच चुकीची पट्टी घेऊन मोजत असतात, ती म्हणजे "आमच्याकडून अमुक एक जण निघाला, म्हणजे आमची हॉकी भारी". (हॉकी म्हणजे इथं बर्फावरची, मेजर ध्यानचंदांची नव्हे, हे एकदा सांगून टाकतो, पुढे नुसतं हॉकीच म्हणेन.)

कॅनडाच्या सीनियर टीमपासून सुरू करू, तिथं चित्र एकदम ठळक दिसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फोर नेशन्स फेस-ऑफ नावाची स्पर्धा झाली, कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड. फायनलला बोस्टनमध्ये कॅनडाने अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये ३-२ हरवलं, शेवटचा गोल कॉनर मॅकडेव्हिडचा. त्या २३ जणांच्या टीममध्ये नोव्हा स्कोशियाचे तीन होते: सिडनी क्रॉसबी, नेथन मॅकिनन, ब्रॅड मार्शांड. आणि क्युबेकचा एकच, गोलकीपर सॅम्युएल मॉन्टेम्बो. आता २०२१ च्या जनगणनेत नोव्हा स्कोशियाची लोकसंख्या साधारण ९.७ लाख आणि क्युबेकची ८५ लाख. म्हणजे जवळपास नऊपट मोठ्या प्रांताचा एक आणि चिमुकल्या प्रांताचे तीन. त्यातही क्रॉसबी आणि मॅकिनन दोघं एकाच कोल हार्बर गावचे, २००५ आणि २०१३ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये दोघंही पहिल्या नंबरवर गेलेले (एनएचएल म्हणजे कॅनडा-अमेरिकेची सगळ्यात वरची प्रोफेशनल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो कार्यक्रम).

मग काय, नोव्हा स्कोशियाची हॉकी क्युबेकपेक्षा खोल? अजिबात नाही. रांचीतून धोनी आला म्हणून झारखंडची रणजी टीम मुंबईच्या बरोबरीची होत नाही, मुंबईकडे रणजीची ४२ विजेतेपदं आहेत ती कुणा एकामुळे नाहीत, तिथं अकरातून बाहेर बसलेला पोरगा दुसऱ्या राज्यात सहज खेळला असता म्हणून आहेत. हॉकीत हेच जास्त लागू पडतं कारण तिथं मॅचला वीस जण ड्रेस घालून उतरतात आणि दर चाळीस-पन्नास सेकंदांनी लाइन, म्हणजे एकत्र उतरणारी फॉरवर्डची तिकडी, बदलते, त्यामुळे एकटा हिरो किती वेळ बर्फावर राहणार, उरलेला सगळा वेळ बाकीच्यांच्याच अंगावर पडतो.

तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. एक, शिखर, म्हणजे त्या भागातला सगळ्यात भारी खेळाडू किती भारी. दुसरी, खोली, म्हणजे विसावा, चाळिसावा, साठावा खेळाडू किती बरा. पेपरात शिखराच्या बातम्या येतात, मॅच मात्र खोलीवर जिंकल्या जातात.

आता जरासं गणित, घाबरू नका, पाचवीचं आहे. समजा दोन प्रांत आहेत, मोठ्यात एका वयाची १०,००० पोरं हॉकी खेळतात आणि छोट्यात १,०००. दोन्हीकडे कोचिंग सारखं, बर्फ सारखा, पोरांची कुवत सारखी, काहीच फरक नाही, फक्त संख्या. तर सगळ्यात भारी पोरगा छोट्या प्रांतातून येण्याची शक्यता अकरात एक. म्हणजे सरासरी अकरा वर्षांतून एकदा देशातला एक नंबर तिथला निघणार, आणि निघाला की झालं, त्या गावच्या पाण्यात काय आहे म्हणून लेख सुरू. पाण्यात काही नाही हो, अकरा चिठ्ठ्यांतली एक निघाली एवढंच.

आता खोली बघा. समजा वरच्या लेव्हलला खेळायची लायकी दोनशेतल्या एकाकडे असते. मोठ्या प्रांतात असे ५० निघतील, छोट्यात ५. दोघांना प्रत्येकी २२ जणांची टीम करायला सांगितली तर मोठ्याचे २८ लायक पोरं घरी बसणार, आणि छोट्याला पाच लायक आणि सतरा "चालवून घेऊ" असे भरावे लागणार. पहिली लाइन समोरासमोर आली तर छोटा प्रांत बरोबरीत खेळेल, कधी भारीही पडेल, पण तिसरी-चौथी लाइन उतरली की इथेच घोडं पेंड खातं. चौथ्या लाइनवाल्याला गोल मारायचे नसतात, त्याला पेनल्टीमुळे आपला एक माणूस कमी असताना पकच्या, म्हणजे हॉकीतल्या रबरी चकतीच्या, समोर पडायचं असतं, कोपऱ्यात जाऊन धक्के खायचे असतात आणि चाळीस सेकंद गोल होऊ द्यायचा नसतो. असा बाविसावा माणूस धड असणं हीच खोली.

हे नुसतं कागदावरचं नाही, कॅनडाने हा प्रयोग प्रत्यक्ष करून बघितलाय. १७ वर्षांखालच्यांची वर्ल्ड चॅलेंज म्हणून एक स्पर्धा आहे, तिची सुरुवात १९८६ साली क्युबेकमध्ये झाली. बरीच वर्षं तिथं कॅनडाची एक टीम नसायची, पाच असायच्या: पॅसिफिक, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टा. वेस्ट, म्हणजे सस्कॅचवान आणि मॅनिटोबा. मग ओंटारियो, क्युबेक आणि अटलांटिक. प्रत्येकी साधारण २२, म्हणजे एकूण ११० पोरांना देशाच्या पातळीवर जागा. आता लोकसंख्या मांडून बघा, २०२१ चे आकडे घेऊ: ओंटारियो १.४२ कोटी, पॅसिफिक ९२ लाख, क्युबेक ८५ लाख, वेस्ट साधारण २५ लाख, आणि अटलांटिकचे चारही प्रांत मिळून २४ लाख. जागा मात्र सगळ्यांना सारख्या. ओंटारियोचा तेविसावा पोरगा टीव्हीवर मॅच बघत बसायचा आणि अटलांटिकचा विसावा बर्फावर असायचा, आणि या दोघांत कोण सरस हे सगळ्यांना माहीत असायचं, बोलायचं कोणी नाही.

पण एक सांगतो, मला ती जुनी पद्धत आवडायची. अन्याय होता पण डोळ्यांसमोरचा होता, कुठला भाग किती खोल आहे ते आठवडाभरात स्कोअरबोर्डवर कळायचं. ओंटारियो नेहमीचा दावेदार का, तर त्यांची चौथी लाइन इतरांच्या दुसऱ्या लाइनसारखी.

२०१४ मध्ये हॉकी कॅनडाने हे बंद केलं. पाच भागांच्या टीम गेल्या आणि तीन मिसळलेल्या आल्या, रेड, व्हाइट आणि ब्लॅक, प्रत्येकी २२ म्हणजे ६६ जण, कुठल्याही प्रांताचे. आणि २०२३ पासून तर दोनच टीम, रेड आणि व्हाइट, ४४ जण. म्हणजे रेघ ११० वरून ६६ वर आणि ६६ वरून ४४ वर सरकली. आता नीट बघा याचा अर्थ काय होतो. ११० ची पद्धत प्रांताप्रांताच्या बाविसाव्या पोरापर्यंत खाली उतरून बघायची. ४४ ची पद्धत फक्त वरचा थर बघते. त्यामुळे आज कुणी यादीवर बोट ठेवून म्हणालं की बघा, अमक्या प्रांताचे आठच आहेत म्हणजे तिथली हॉकी आटली, तर तो शिखराबद्दल बोलतोय, खोलीबद्दल या यादीतून काहीच कळत नाही. आणि छोट्या प्रांतांची हक्काची जागा गेली ते वेगळंच. अटलांटिकच्या विसाव्या पोराला आधी स्वीडन आणि अमेरिकेच्या पोरांशी खेळायला मिळायचं, त्यातून तो सुधारायचा, ते दार बंद झालं. म्हणजे कोटा काढला की टीम मजबूत होते पण कमजोर भागाची खोली वाढायचा एक रस्ताही जातो. दोन्ही खरं आहे. ज्याला फक्त एकच बाजू दिसते तो उचलली जीभ लावली टाळ्याला.

पश्चिमेकडे अजून प्रांतवार खेळ चालतो. डब्ल्यूएचएल (पश्चिमेकडची ज्युनिअर लीग) कप म्हणून १६ वर्षांखालच्यांची स्पर्धा आहे, ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा, प्रत्येकाची एक टीम. अल्बर्टा ४२ लाखांचा, सस्कॅचवान ११ लाखांचा, तरी टीम एकेकच. तर सस्कॅचवानने सपाटून मार खायला पाहिजे ना? तसं होत नाही, आणि इथं लोकसंख्येचा हिशेब फसतो. कारण भागायचं कशाने हेच मुळात चुकतं. एकूण माणसं मोजून काय उपयोग, त्या एका जन्मवर्षाची किती पोरं खरंच स्केट घालून बर्फावर आहेत ते मोजायला पाहिजे. सस्कॅचवानच्या छोट्या गावात रिंक हेच गावचं चावडीसारखं ठिकाण, हिवाळ्यात दुसरं करायला काही नाही, गॉर्डी हाउ तिथल्याच फ्लोरल नावाच्या वस्तीचा. उलट आमच्या टोरंटो-मिसिसागा-ब्रॅम्प्टन पट्ट्यात लोकसंख्या फुगतेय ती बाहेरून आलेल्या लोकांनी, आपलीच पोरं बघा ना, क्रिकेट, सॉकर, बास्केटबॉल, गणिताचा क्लास, हॉकी जरा शेवटीच येते कारण एएए, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला खेळवायचं तर वर्षाला हजारो डॉलर जातात आणि पहाटे पाच वाजता रिंकवर पोचवायचं ते वेगळं. पंजाबी मंडळी यात आपल्यापेक्षा खूप पुढे आहेत, रॉबिन बावा १९८९ मध्येच एनएचएल खेळला आणि हॉकीची पंजाबी कॉमेंट्री २००८ पासून चालू आहे. तर ओंटारियोचे १.४२ कोटी म्हणजे १.४२ कोटींची हॉकी नव्हे.

त्यात बर्फ. भारतातच बघा, आइस हॉकीत लडाख सोडून बाकी सगळे नावापुरतेच, २०२५ मध्ये भारताच्या महिला टीमने अल ऐनला आशिया कपात ब्राँझ जिंकलं, त्यात जवळपास सगळ्या लडाखच्या मुली. महाराष्ट्राची लोकसंख्या लडाखच्या कितीतरी पट आहे, त्याने काय होतं, गुणाकार शून्य बर्फाने करायचाय.

अमेरिकेची गोष्ट जरा सावकाश सांगतो कारण तिथं निवड आणि खोली यांची सरमिसळ फार छान दिसते. १९८० ची लेक प्लॅसिडची ऑलिंपिक टीम, कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत युनियनला हरवलं ती. वीस खेळाडू, त्यातले बारा मिनेसोटाचे, चार मॅसेच्युसेट्सचे, दोन मिशिगनचे आणि दोन विस्कॉन्सिनचे. पहिला निष्कर्ष निघतो की अमेरिकेची हॉकी म्हणजे मिनेसोटा. पण कोच कोण, तर हर्ब ब्रुक्स, सेंट पॉलचा, मिनेसोटा युनिव्हर्सिटीचा कोच, आणि त्या बारातले नऊ त्याच युनिव्हर्सिटीचे. आता त्याने स्वतःची माणसं घेतली का? घेतली. ती लायक होती का? सुवर्ण जिंकलं, मग होतीच. मिनेसोटा खरंच खोल होता, आणि निवडणाऱ्याला तीच खोली जवळून माहीत होती, त्यामुळे यादीत ती जास्तच गडद दिसते. अशा कुठल्याही यादीत दोन गोष्टी एकत्र छापलेल्या असतात, पोरं कुठे आहेत आणि निवडणारा कुठे बघतो. वेगळ्या करता येत नाहीत सहजासहजी.

मिनेसोटाची खोली येते कुठून हे बघण्यासारखं आहे. तिथं हॉकी गावच्या असोसिएशनची आणि शाळेची, पोरगा आपल्या गावासाठी खेळतो, मग आपल्या हायस्कूलसाठी, आणि राज्याची हायस्कूल स्पर्धा सेंट पॉलला भरते तेव्हा अख्खं राज्य बघतं. म्हणजे सतरा-अठरा वर्षांपर्यंत खूप पोरं खेळत राहतात. ओंटारियोत उलटं, लहानपणीच एएए, एए, ए असे थर पडतात, दहा-बारा वर्षांच्या पोराला सांगतात तू खालच्या थरात, आणि खालच्या थरातून वर येणं शक्य असलं तरी अवघड. ओंटारियोची पद्धत शिखर लवकर ओळखते, मिनेसोटाची पद्धत खालचा थर जास्त दिवस टिकवते. मला विचाराल तर खोलीसाठी मिनेसोटाच बरा, पण ओंटारियोत पोरं इतकी आहेत की गाळणीतून कितीही सांडली तरी बादली भरतेच.

आता यूएसए हॉकीने देशाचे १२ डिस्ट्रिक्ट केलेत. मिनेसोटा, मिशिगन, मॅसेच्युसेट्स आणि न्यूयॉर्क ही राज्यं एकेकटी एकेक डिस्ट्रिक्ट आहेत, आणि साउथईस्टर्न डिस्ट्रिक्ट मेरीलँडपासून फ्लोरिडापर्यंत पसरलेलं. देशाच्या कँपला प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या वाट्याला ठरलेल्या जागा. मिनेसोटाच्या सिलेक्शनमध्ये शेवटच्या दिवशी कापला गेलेला पोरगा दुसऱ्या एखाद्या डिस्ट्रिक्टमधून आरामात गेला असता, हे तिथल्या आईबापांचं कायमचं रडगाणं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजू म्हणजे ऑस्टन मॅथ्यूज. ॲरिझोनाच्या वाळवंटात स्कॉट्सडेलला वाढलेला पोरगा, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला. तिकडे बघणारच नाही असं ठरवलं असतं तर हा दिसला असता का? विनिपेगची एनएचएल टीम १९९६ मध्ये फिनिक्सला हलली, मागोमाग हॉकी बघणारी पोरं आली. एक मॅथ्यूज म्हणजे ॲरिझोनाची खोली नव्हे, पण रेघ कुठे मारायची हे ठरवताना असा एखादा कोपरा पूर्ण कापायचा नाही म्हणून कोटा ठेवतात.

एकाच वर्षाच्या पिकावरून बोलण्याचा धोका तर सेंट लुईसने दाखवला. २०१६ च्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला सेंट लुईस भागातले पाच जण गेले: मॅथ्यू टकाचक, क्लेटन केलर, लोगन ब्राउन, ल्यूक क्यूनिन आणि ट्रेंट फ्रेडरिक. पाचही १९९७-९८ ला जन्मलेले, लहानपणी एकाच एएए क्लबमध्ये खेळलेले, आणि टकाचक-ब्राउन यांचे वडील तर स्वतः एनएचएल खेळून तिथंच स्थायिक झालेले. एवढं भारी पीक तिथं दरवर्षी येत नाही. म्हणून मी म्हणतो एका वर्षाची यादी बघून प्रांत तोलू नका, निदान चार-पाच जन्मवर्षं एकत्र घ्या.

जन्मवर्ष म्हटलं की जन्ममहिना आलाच, आणि हा भाग सगळ्यात भन्नाट आहे. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्टात लेथब्रिज ब्रॉन्कोजच्या मॅचला बायकोबरोबर गेले होते, बायको प्रोग्रामची पुस्तिका चाळत होती आणि तिच्या लक्षात आलं की पोरांचे वाढदिवस सगळे जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचेच दिसतायत. मग त्यांनी मोजायला घेतलं. कॅनडाच्या वरच्या ज्युनिअर हॉकीत ढोबळ मानाने ४० टक्के जानेवारी ते मार्च, ३० टक्के एप्रिल ते जून, २० टक्के जुलै ते सप्टेंबर, आणि शेवटच्या तिमाहीचे जेमतेम १० टक्के. कारण साधं, वयोगट ठरवायची कट-ऑफ तारीख १ जानेवारी. नऊ वर्षांच्या गटात जानेवारीचा पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा, चार बोटं उंच, जास्त दमदार, कोचला वाटतं हा टॅलेंटेड, त्याला वरची टीम, जास्त बर्फ, चांगला कोच, आणि पाच वर्षांनी तो खरंच भारी झालेला असतो. डिसेंबरवाला तोवर सॉकरला गेलेला.

याचा प्रांतांशी काय संबंध? आहे, नीट बघा. जिथं पोरं जास्त आणि जागा कमी तिथं गाळणी जास्त कडक, आणि गाळणी कडक तितका हा जन्ममहिन्याचा खोटेपणा जास्त मुरायची शक्यता. म्हणजे सगळ्यात खोल प्रांत स्वतःची अर्धी खोली वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या पोरांच्या रूपाने दरवर्षी फेकून देत असतो आणि तरी पहिला येतो. छोट्या गावात एकच टीम, पोरं पुरवून पुरवून जमवायची, मग डिसेंबरवाल्यालाही ठेवतात, ठेवलं की तो खेळतो, खेळला की वाढतो. २००६ चा एक गाजलेला अभ्यास आहे, कोते आणि सहकाऱ्यांचा, त्यात दिसलं की पाच लाखांपेक्षा लहान गावांतून प्रोफेशनल खेळाडू लोकसंख्येच्या मानाने जास्त निघतात. आणि एनएचएल ड्राफ्टवर २०१३ मध्ये डीनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्षाच्या शेवटी जन्मलेले खेळाडू त्यांच्या लायकीपेक्षा मागे निवडले जातात, नंतरची कामगिरी मात्र त्यांची सरस. म्हणजे स्काउट पण फसतात, पगार घेऊन.

पोरगा कुठला मोजायचा हा अजून एक घोळ. क्रॉसबी आणि मॅकिनन दोघं कोल हार्बरचे खरे, पण दोघंही काही काळ मिनेसोटातल्या शॅटक-सेंट मेरीज या बोर्डिंग शाळेत खेळलेत. मॅकलिन सेलिब्रिनी, २०२४ चा पहिला नंबर, व्हँकूव्हरकडचा, तोही शॅटकला. हे श्रेय कुणाच्या खात्यात घालायचं, जन्मगावाच्या की जिथं घडला तिथल्या? पश्चिम कॅनडात आता हॉकी अकॅडमींचं पेव फुटलंय, पोरगा एका प्रांताचा, राहतो दुसरीकडे. युकॉनचा गॅव्हिन मॅकेना घ्या, व्हाइटहॉर्सचा, अख्ख्या युकॉनची वस्ती चाळीस हजार, आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचएल ड्राफ्टला पहिला. त्याच व्हाइटहॉर्सचा डिलन कझन्स २०१९ ला एनएचएल ड्राफ्टमध्ये सातवा. युकॉनला शिखरं दोन, पण बावीस जणांची टीम उभी करून ओंटारियोसमोर उतरवा, काय होईल ते सांगायला नको.

स्वीडनवाल्यांनी यावर बराच शहाणा तोडगा काढलाय असं माझं मत. तिथं टीव्ही-पुकेन म्हणून डिस्ट्रिक्टवार स्पर्धा १९५९ पासून चालते, पंधरा वर्षांच्या आसपासची पोरं, टीव्हीवर दाखवतात. जिथं पोरं फार आहेत त्या स्टॉकहोमला दोन टीम देतात, म्हणजे कोटा पण आहे आणि खोलीला थोडा न्यायही. आणि तरी तिथंही शिखराचा चकवा आहेच, अर्न्शोल्डस्विक हे तीसेक हजार वस्तीचं गाव, पीटर फोर्सबर्ग, मार्कस नेसलुंड, सेडिन जुळे भाऊ, व्हिक्टर हेडमन, सगळे तिथलेच मोडो क्लबचे. नेसलुंड आणि फोर्सबर्ग तर दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले.

आता क्युबेककडे परत, कारण त्यांच्यावर मी वर अर्धवट बोललो. क्युबेकची खोली नेहमी जागेनुसार बघावी लागते. पॅट्रिक रोआ, ब्रोडर, लुओंगो, फ्ल्युरी, एका काळात जगातले चांगले गोलकीपर म्हणजे क्युबेक. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकला कॅनडाचे तिन्ही गोलकीपर क्युबेकचे होते, ब्रोडर, लुओंगो आणि फ्ल्युरी. त्याच प्रांताची २०२१ मध्ये अशी वेळ आली की सरकारला हॉकीचं काय बिघडलंय हे बघायला समिती नेमावी लागली, माजी गोलकीपर मार्क डेनिस तिचे अध्यक्ष. म्हणजे "क्युबेक खोल आहे का" हा प्रश्नच अर्धा आहे, कुठल्या जागेवर, कुठल्या दशकात, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. गोलकीपर टीमला दोन-तीनच लागतात, बारा फॉरवर्ड लागतात, आठ डिफेन्सवाले लागतात, त्यामुळे गोलकीपरची खोली यादीत आकड्याने कधी दिसतच नाही.

मग यादी आली की मी काय बघतो? पहिली दोन-तीन नावं सोडून देतो, ती कुठूनही येतात. मग शेवटची आठ-दहा, जी घ्यायची की नाही यावर निवडसमितीत वाद झाला असणार, ती कुठली आहेत. त्याहून चांगलं म्हणजे कँपला बोलावून परत पाठवलेल्यांची यादी मिळाली तर ती. कापलेल्यांत ज्या प्रांताची नावं दाटीवाटीने असतात तो प्रांत खोल. घेतलेल्यांत दोन आणि कापलेल्यांत कोणीच नाही, असा प्रांत दिसला तर समजायचं तिथं दोन चांगली पोरं आहेत आणि त्यांच्या मागे रिकामं आहे, प्रांतात ते वासरात लंगडी गाय शहाणी असतील किंवा खरंच भारी, ते मॅच बघूनच कळेल. वाढदिवसांच्या रकान्यावरही नजर टाकतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पोरगा कडक गाळणीच्या प्रांतातून आला असेल तर त्याच्यावर खूण करून ठेवतो, तो बहुतेक त्याच्या आकड्यांपेक्षा भारी असतो.

आणि हे सगळं सोळाव्या वर्षाचं मोजमाप आहे हे तर लोक विसरूनच जातात. वर सांगितलेल्या फोर नेशन्सच्या टीमचे ड्राफ्ट नंबर काढून बघा: ब्रेडन पॉइंट ७९, कोल्टन पॅरायको ८६, डेव्हन टेव्ज १०८, ब्रँडन हेगल १५९, मार्क स्टोन १७८. पाचही जण पश्चिमेकडचे. हेगलला तर ज्या टीमने ड्राफ्ट केलं तिने नंतर करारच दिला नाही, तो दुसरीकडून वर आला. त्यांच्या ड्राफ्टच्या वर्षी पहिल्या राउंडची यादी घेऊन कुणी पश्चिम कॅनडाची खोली मोजली असती तर या पाचातला एकही त्याच्या हिशेबात आला नसता.